'खरा बिटकॉइन कोणता?' हे भांडण मिटणार नाही. पण तुमच्या वाटणीचं काय?

भूम : शिवसेना कोणाची आणि राष्ट्रवादी कोणाची, हा प्रश्न महाराष्ट्रानं गेल्या काही वर्षांत पोटभर ऐकला. भूम-परंडा-वाशी भागात तर चहाच्या टपरीवरही त्यावरून दोन बाजू पडायच्या. शेवटी नाव आणि चिन्हाचा निकाल निवडणूक आयोगानं दिला. शिवसेनेबाबत १७ फेब्रुवारी २०२३ रोजी आणि राष्ट्रवादी काँग्रेसबाबत ६ फेब्रुवारी २०२४ रोजी. तो कोणाला पटला, कोणाला नाही, काही जण न्यायालयात गेले. पण निकाल द्यायला कोणीतरी होतं.

आता असा पक्ष डोळ्यासमोर आणा, ज्यात फूट पडली, दोन्ही गट 'आम्हीच मूळ' म्हणतात आणि निकाल द्यायला आयोगही नाही, न्यायालयही नाही. क्रिप्टोकरन्सीत फूट पडते तेव्हा नेमकं हेच होतं. बिटकॉइनमध्ये ही मोठी फूट १ ऑगस्ट २०१७ रोजी पडली. दोन्ही गटांच्या समर्थकांमधली तेढ अजूनही पूर्ण मिटलेली नाही.

ही लांबची भांडणं आपण का वाचायची? कारण फूट पडली की प्रत्येक जुन्या नाण्यामागे एक नवं नाणं जन्माला येतं आणि त्यालाही किंमत असते. कोणतं नाणं 'खरं', हा वाद समर्थकांचा आहे. पण वाटणीत आलेलं नाणं कोणाच्या हातात पडणार, हा प्रश्न ज्यानं पैसे घातले त्याचा आहे. आणि भारतात त्याचं उत्तर आजही कायद्यात स्पष्ट लिहिलेलं नाही.

फूट म्हणजे नेमकं काय होतं?

बिटकॉइन ही मुळात हिशेबाची वही आहे. आपल्याकडे जमिनीची नोंद तलाठ्याच्या दप्तरात असते. समजा गावात तलाठीच नाही, पण गावातल्या सगळ्या व्यवहारांची एकसारखी वही घराघरात आहे. कोणी कोणाला काय दिलं, हे प्रत्येक वहीत उमटतं. एकानं खाडाखोड केली तरी बाकीच्यांच्या वह्या त्याला खोटं पाडतात.

या वहीत साधारण दर १० मिनिटांनी एक नवं पान जोडलं जातं. त्या पानाला 'ब्लॉक' म्हणतात आणि एकापाठोपाठ जोडलेल्या पानांना 'ब्लॉकचेन'. पान तयार करायला संगणकांची शर्यत लागते. जिंकणाऱ्याला बक्षीस म्हणून नवी नाणी मिळतात. या शर्यतीत उतरणारे ते 'मायनर'. वही सांभाळणारे आणि तपासणारे संगणक म्हणजे 'नोड'. आणि वहीचे नियम लिहिणारे ते प्रोग्रॅमर.

जोवर सगळे एकाच नियमानं चालतात तोवर वही एकच राहते. नियम बदलायचा की नाही यावर एकमत झालं नाही, तर एका पानापासून पुढे दोन वह्या सुरू होतात. इंग्रजीत याला 'फोर्क' म्हणतात. आपल्याकडे त्याला अगदी सरळ शब्द आहे, फाटा. एसटी फाट्यापर्यंत एकाच रस्त्यानं येते, पुढे रस्ते वेगळे.

इथं एक गंमत आहे. वडिलांच्या दहा एकरांची दोन भावांत वाटणी झाली, तर प्रत्येकाला पाच एकर येतात. क्रिप्टोच्या फाट्यावर मात्र दहा एकरांचे दोन सातबारे तयार होतात आणि दोन्हींवर दहा एकर आणि तेच जुने मालक. फाट्याआधीची पानं दोन्ही वह्यांत सारखीच असल्यामुळे ज्याच्या नावावर १ बिटकॉइन होता, त्याच्या नावावर फाट्यानंतर दोन्हीकडे एकेक नाणं दिसतं. प्रत्येक सातबाऱ्याची किंमत किती, हे मात्र बाजार ठरवतो. आणि किंमत नावावर अवलंबून असते. म्हणून सगळं भांडण नावासाठी.

१ ऑगस्ट २०१७ : भांडण कशावरून पेटलं?

सातोशी नाकामोतो या टोपणनावानं ३१ ऑक्टोबर २००८ रोजी बिटकॉइनचा मूळ आराखडा प्रसिद्ध झाला. ३ जानेवारी २००९ रोजी वहीचं पहिलं पान तयार झालं. २०१० मध्ये सातोशीनंच पानाच्या आकारावर १ एमबीची मर्यादा घातली. त्या मर्यादेत सेकंदाला जेमतेम सात व्यवहार बसतात. वापरणारे थोडे होते तोवर काही अडलं नाही. गर्दी वाढली तशी रांग लागली. आपला व्यवहार आधी जावा म्हणून लोक जास्त शुल्क मोजू लागले.

इथून दोन गट पडले. एक गट म्हणाला, पान मोठं करा. बिटकॉइन रोजच्या खरेदीत चालला पाहिजे, चहावाल्यालाही देता आला पाहिजे. मूळ आराखड्याच्या शीर्षकातच 'कॅश' हा शब्द आहे, याकडे ते बोट दाखवायचे. दुसरा गट म्हणाला, पान मोठं केलं की वही जड होईल. मग ती घरच्या साध्या संगणकावर ठेवता येणार नाही, मोजक्या कंपन्यांच्या हातात जाईल. त्यापेक्षा आहे त्याच पानात नोंदी आटोपशीर लिहा आणि छोटे व्यवहार वहीबाहेर वेगळ्या सोयीनं करा.

दोन्ही बाजूंत तथ्य होतं, म्हणूनच वाद चिघळला. फेब्रुवारी २०१६ मध्ये हाँगकाँगला आणि मे २०१७ मध्ये न्यूयॉर्कला तडजोडीच्या बैठका झाल्या. एकही तडजोड शेवटपर्यंत टिकली नाही. अखेर ४,७८,५५८ व्या पानानंतर रस्ते फुटले. जुन्या वाटेवर बिटकॉइन राहिला. नव्या वाटेवर ८ एमबी पानाचा 'बिटकॉइन कॅश' आला. त्याच महिन्यात जुन्या वाटेवर नोंदी आटोपशीर करणारी 'सेगविट' ही सुधारणा लागू झाली. न्यूयॉर्कच्या तडजोडीतला दुसरा भाग, म्हणजे पान दुप्पट करण्याचा बेत, ८ नोव्हेंबर २०१७ रोजी गुंडाळला गेला.

वेगळं झाल्यावर तरी शांतता झाली का?

नाही. भाऊ वेगळे झाले की बाजारपेठेत एकाच नावाची दोन दुकानं दिसतात. एका पाटीवर 'मूळ', दुसरीवर 'जुने व प्रसिद्ध'. इथंही तेच झालं.

बिटकॉइन कॅशचे मोठे पुरस्कर्ते रॉजर व्हेर यांच्या ताब्यात 'बिटकॉइन डॉट कॉम' हे संकेतस्थळ होतं. बिटकॉइन कॅश हाच खरा बिटकॉइन, असा त्यांचा जाहीर दावा होता. समोरच्या गटानं आरोप केला, की नवख्या माणसाला फसवून चुकीचं नाणं विकलं जातंय. त्यांनी उलट नव्या नाण्याला 'बीकॅश' म्हणायला सुरुवात केली, म्हणजे नावातला 'बिटकॉइन'च काढून टाकला. समर्थकांना तो शब्द शिवीसारखा झोंबायचा. आपल्याकडे एका पक्षाच्या दोन गटांना काय म्हणायचं, यावरून जी ओढाताण झाली तीच ही.

मग फुटलेल्या गटात पुन्हा फूट पडली. १५ नोव्हेंबर २०१८ रोजी बिटकॉइन कॅशचेच दोन तुकडे झाले. एका बाजूला 'बिटकॉइन एबीसी' हे सॉफ्टवेअर लिहिणारा गट, दुसऱ्या बाजूला क्रेग राइट आणि काल्विन एअर यांचा 'बिटकॉइन एसव्ही' गट. एसव्ही म्हणजे 'सातोशी व्हिजन', सातोशीची दृष्टी. मूळ पुरुषाचं नावच गटानं पाटीवर लावलं. राइट स्वतःलाच सातोशी म्हणवून घेत होते.

त्या आठवड्यांत दोन्ही बाजूंनी तोटा सोसून आपापल्या वहीत पानं जोडायला संगणकांची ताकद झोकली. याला 'हॅश वॉर' असं नाव पडलं. याच सुमारास ६ हजार डॉलरच्या वर रेंगाळणारा बिटकॉइन महिन्याभरात साडेतीन हजारांच्या खाली आला. घसरणीला इतरही कारणं होती, पण या भांडणानं बाजाराची घबराट वाढवली. आणि बिटकॉइन कॅश? डिसेंबर २०१७ मध्ये ४ हजार डॉलरच्या आसपास पोचलेलं हे नाणं वर्षभरात १०० डॉलरच्या खाली गेलं. वरच्या भावात 'हाच खरा बिटकॉइन' ऐकून घेणाऱ्याचं काय झालं असेल, ते वेगळं सांगायला नको.

१५ नोव्हेंबर २०२० रोजी आणखी एक फूट पडली. या वेळी वाद होता तो मायनरांच्या बक्षिसातला ८ टक्के वाटा प्रोग्रॅमरांसाठी काढून ठेवायचा की नाही, यावर. वाटा मागणारा गट हरला, त्याच्या नाण्याला पुढे 'ई-कॅश' हे नाव घ्यावं लागलं. राइट यांच्या दाव्याचा निकाल तर थेट लंडनच्या उच्च न्यायालयात लागला. १४ मार्च २०२४ रोजी न्यायाधीशांनी सांगितलं, की राइट हे सातोशी नाहीत. ज्या जगाला सरकार आणि न्यायालय नको होतं, त्या जगाचा मूळ पुरुषाचा वाद शेवटी न्यायालयानंच सोडवला.

इथेरियमचा वाद वेगळा होता

सगळ्या फुटी आकारावरून किंवा पैशावरून पडत नाहीत. इथेरियममधली फूट न्यायाच्या प्रश्नावरून पडली.

२०१६ मध्ये इथेरियमवर 'द डाओ' नावाचा सामाईक निधी उभा राहिला. त्यात सुमारे १५ कोटी डॉलर जमले. १७ जून २०१६ रोजी कोणीतरी त्याच्या कोडमधल्या त्रुटीचा फायदा घेऊन सुमारे ३६ लाख ईथर आपल्याकडे वळवले. तेव्हाच्या भावानं ही रक्कम ५ कोटी डॉलरच्या घरात जात होती.

प्रश्न उभा राहिला, वही मागे फिरवून चोरलेले पैसे परत करायचे का? बहुतेकांनी होकार दिला. २० जुलै २०१६ रोजी १९,२०,००० व्या पानावर नियम बदलून पैसे मूळ मालकांकडे वळवले गेले. पण एका गटानं नकार दिला. एकदा लिहिलेलं पान बदलता येत असेल तर उद्या कोणाचंही बदलता येईल, मग बँकेत आणि यात फरक काय? 'कोड हाच कायदा' म्हणत हा गट जुन्याच वहीवर थांबला. तेच 'इथेरियम क्लासिक'.

इंजिनीअरिंग शिकलेल्या माणसाला 'कोड हाच कायदा' हे वाक्य भुरळ घालतं. नियम सगळ्यांना सारखा, वशिला नाही, साहेब नाही. पण कोड माणूस लिहितो आणि माणसाकडून त्रुटी राहते. तत्त्व पाळणाऱ्यांना किंमतही मोजावी लागली. बहुतेक मायनर दुसरीकडे गेल्यामुळे या छोट्या वहीला राखणदार कमी उरले. जानेवारी २०१९ मध्ये आणि पुन्हा ऑगस्ट २०२० मध्ये इथेरियम क्लासिकवर हल्ले झाले. अर्ध्याहून जास्त संगणकशक्ती हातात घेऊन हल्लेखोरांनी अलीकडची पानं बदलली आणि एकच नाणं दोनदा खर्च केलं. जे पान कधीच बदलायचं नाही म्हणून हा गट वेगळा झाला, तेच पान ताकदीच्या जोरावर बदललं गेलं. फुटीनंतरच्या छोट्या गटात पैसे ठेवणाऱ्यानं हा धोका लक्षात ठेवायला हवा.

आयोग नाही, मग निकाल कोण देतं?

निवडणूक आयोगाकडे १९६८ चा चिन्हांबाबतचा आदेश आहे. पक्षाची उद्दिष्टं, पक्षाची घटना, बहुमत अशा कसोट्या आहेत. त्यातली कोणती लावायची यावर वाद होतो, पण कसोट्या आधीपासून माहीत असतात.

क्रिप्टोत प्रत्येक गट आपल्याला सोयीची कसोटी निवडतो. ज्याच्याकडे मायनर जास्त, तो म्हणतो संगणकशक्ती मोजा. ज्याच्याकडे जुने प्रोग्रॅमर, तो म्हणतो सॉफ्टवेअरची परंपरा बघा. ज्याच्याकडे दोन्ही नाही, तो मूळ आराखड्याचा अर्थ लावत बसतो. मायनर, प्रोग्रॅमर, वही ठेवणारे आणि नाणेधारक यांच्यापैकी शेवटचा शब्द कोणाचा, हे लिहून ठेवलेलंच नाही.

प्रत्यक्षात निकाल दिला तो बहुतेक वेळा एक्सचेंजनी, म्हणजे नाण्यांची खरेदी-विक्री जिथं होते त्या कंपन्यांनी. जुनं नाव आणि जुनं चिन्ह कोणत्या नाण्याला लावायचं, हे त्यांच्या पडद्यावर ठरतं. त्यांनी जे नाव लावलं ते सामान्य माणसानं खरं मानलं. एप्रिल २०१९ मध्ये बायनान्सनं बिटकॉइन एसव्ही आपल्या यादीतून काढलं, तेव्हा त्या नाण्याचा एक मोठा बाजार एका निर्णयात बंद झाला. कोणाचीही सत्ता नको म्हणून उभं राहिलेलं हे जग फुटीच्या दिवशी मोजक्या कंपन्यांच्या तोंडाकडे बघतं.

याहून वाईट उदाहरण २०२० मधलं आहे. जस्टिन सन यांनी स्टीम या नाण्यामागची कंपनी विकत घेतली. जुन्या मंडळींना ते पटलं नाही, त्यांनी सन यांची नाणी गोठवली. स्टीमवर ज्याची नाणी जास्त त्याचं मत जड, असा नियम होता. मार्च २०२० च्या सुरुवातीला काही मोठ्या एक्सचेंजमधून मतं पडली आणि पारडं सन यांच्या बाजूनं झुकलं. ही मतं होती ग्राहकांनी विश्वासानं ठेवलेल्या नाण्यांची, आणि ग्राहकांना कोणी विचारलं नव्हतं. सोसायटीच्या निवडणुकीत बँकेनं तुमच्या ठेवीवर मतदान करावं, तसा हा प्रकार. ओरड झाल्यावर एक्सचेंजनी मतं मागे घेतली. पण जुनी मंडळी २० मार्च २०२० रोजी 'हाइव्ह' नावानं वेगळी झालीच.

वाटणी कोणाच्या हातात पडते?

आता मुद्द्याचं. फाट्याच्या क्षणी प्रत्येक जुन्या नाण्यामागे एक नवं नाणं तयार होतं. ते कोणाचं? ज्याच्याकडे चावी त्याचं. चावी म्हणजे नाणं खर्च करायला लागणारा गुप्त संकेत. चावी तुमच्या स्वतःच्या पाकिटात असेल तर दोन्ही नाणी तुमची. पण आपल्याकडचे बहुतेक लोक मोबाइल ॲपवर नाणं घेतात आणि तिथंच ठेवतात. तिथं चावी असते एक्सचेंजकडे. तुमच्या पडद्यावर दिसतो तो फक्त त्यांच्या खातेवहीतला आकडा.

म्हणजे फूट पडली की नवं नाणं तुमच्या खात्यात टाकायचं की नाही, कधी टाकायचं, हे एक्सचेंज ठरवतं. अमेरिकेतल्या कॉइनबेसनं २०१७ मध्ये आधी सांगितलं, की आम्ही बिटकॉइन कॅश हाताळणार नाही. ग्राहक चिडल्यावर निर्णय फिरला आणि नाणी मिळाली ती १९ डिसेंबर २०१७ रोजी, साडेचार महिन्यांनी. त्या दिवशी भाव इतका उसळला की व्यवहार थांबवावे लागले. ही बातमी आतल्यांना आधीच कळली होती का, याची कंपनीला चौकशी करावी लागली.

एक्सचेंज अडचणीत आलं तर प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होतो. मुंबईतून सुरू झालेल्या वझीरएक्सवर १८ जुलै २०२४ रोजी सायबर हल्ला झाला आणि सुमारे २३ कोटी डॉलरची नाणी गेली. ज्यांची नाणी चोरीला गेलीच नव्हती, त्यांचीही खाती अडकली. चोरीचा भार सगळ्यांनी वाटून घ्यायचा की नाही, यावरून ग्राहकांतही दोन तट पडले. ऑक्टोबर २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयानं एका ग्राहकाच्या अर्जावर क्रिप्टो ही 'मालमत्ता' आहे आणि ती विश्वस्त म्हणून दुसऱ्यासाठी सांभाळता येते, असं म्हटलं. हे महत्त्वाचं आहे. गाय माझी आहे असं न्यायालय म्हणत असेल, तर वासरू कोणाचं हेही विचारावं लागेल.

पुण्याच्या प्रकरणात हा प्रश्न कोणी विचारेल का?

वासराचा हा प्रश्न आपल्याकडे आधीच येऊन थांबलेला आहे. 'गेनबिटकॉइन' हे नाव पुण्यात अनेकांना आठवत असेल. अमित भारद्वाज यांच्या या योजनेत बिटकॉइन गुंतवा आणि १८ महिने दरमहा १० टक्के परतावा घ्या, असं आमिष होतं. २०१७ मध्ये परतावा बिटकॉइनऐवजी 'एमकॅप' नावाच्या स्वतःच्याच टोकनमध्ये दिला जाऊ लागला आणि लोकांचे पैसे बुडाले. एप्रिल २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी भारद्वाज यांना अटक केली. २०२२ मध्ये त्यांचं निधन झालं. पुढे ही प्रकरणं सीबीआयकडे गेली. फेब्रुवारी २०२५ मध्ये सीबीआयनं देशभरात ६० हून जास्त ठिकाणी झडती घेतली. त्यात पुण्याबरोबर नांदेड आणि कोल्हापूरही होतं.

आता तारखा जुळवून बघा. लोकांनी बिटकॉइन घातले ते ऑगस्ट २०१७ च्या आधी. अटक झाली ती त्यानंतर. म्हणजे त्या पैशातले जे बिटकॉइन १ ऑगस्ट २०१७ रोजी पाकिटात पडून होते, त्या प्रत्येकामागे एक बिटकॉइन कॅश तयार झालेलं असणार. नोव्हेंबर २०१८ पर्यंत न हललेल्या नाण्यामागे एसव्हीही. जप्तीचा हिशेब करताना फक्त बिटकॉइन मोजले, तर ही जुळी नाणी हिशेबाबाहेर राहतात. आणि हिशेबाबाहेरच्या नाण्यावर चावी हाताळणारा कोणीही हात मारू शकतो.

ही भीती हवेतली नाही. याच प्रकरणात पोलिसांना तांत्रिक मदत करणाऱ्या दोन सायबर तज्ज्ञांना पुणे पोलिसांनी मार्च २०२२ मध्ये अटक केली. तपासातली क्रिप्टो त्यांनी परस्पर वळवली, असा त्यांच्यावर आरोप आहे. आरोप सिद्ध व्हायचे ते न्यायालयात होतील. पण तपास यंत्रणेला क्रिप्टोचा हिशेब बाहेरच्या माणसाच्या भरवशावर ठेवावा लागतो, हे त्यातून दिसलंच.

हे नीट करता येतं, याचं उदाहरण जपानमध्ये आहे. टोकियोचं 'माउंट गॉक्स' हे एक्सचेंज २०१४ मध्ये बुडालं. त्याची मालमत्ता न्यायालयानं नेमलेल्या विश्वस्ताकडे गेली. २०१७ ची फूट पडली तेव्हा विश्वस्तानं जुळी नाणी मोजली, जपली आणि हिशेबात दाखवली. शेवटी त्यांच्याकडे साधारण १ लाख ४२ हजार बिटकॉइन आणि १ लाख ४३ हजार बिटकॉइन कॅश होते. जुलै २०२४ पासून लोकांना परतफेड सुरू झाली ती दोन्ही नाण्यांत. कोणतं नाणं खरं, या वादात विश्वस्त पडलेच नाहीत. बुडालेल्या माणसाचं जे जे होतं, ते ते त्याला दिलं.

आपल्या कायद्यात काय आहे?

रिझर्व्ह बँकेनं ६ एप्रिल २०१८ रोजी बँकांना क्रिप्टो व्यवहारांपासून दूर राहायला सांगितलं होतं. सर्वोच्च न्यायालयानं ४ मार्च २०२० रोजी ते परिपत्रक रद्द केलं. १ एप्रिल २०२२ पासून क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे आणि १ जुलै २०२२ पासून व्यवहारावर १ टक्का टीडीएस. मार्च २०२३ पासून एक्सचेंज मनी लाँडरिंग कायद्याच्या कक्षेत आले. म्हणजे सरकार कर घेतं, नोंद ठेवायला लावतं. पण फुटीतून मिळालेल्या नाण्याचं काय करायचं, याचा वेगळा नियम नाही.

यानं फरक पडतो. समजा, फुटीतून आलेलं नाणं तुम्ही २० हजार रुपयांना विकलं. कर फक्त खरेदीची किंमत वजा करून मोजायचा असतो. पण हे नाणं तुम्ही विकत घेतलेलंच नाही. किंमत शून्य धरली तर पूर्ण २० हजारांवर ३० टक्के म्हणजे ६ हजार, वर ४ टक्के उपकराचे २४०, एकूण ६,२४० रुपये कर. आणि जुन्या नाण्याचा भाव त्याच फुटीमुळे पडला असेल, तर तो तोटा यातून वजा होत नाही. अमेरिकेच्या प्राप्तिकर खात्यानं ऑक्टोबर २०१९ मध्येच सांगितलं, की असं नाणं हातात आलं की ते त्या दिवसाचं उत्पन्न. ब्रिटननं उलटा मार्ग घेतला. तिथं जुन्या नाण्याची खरेदी किंमत दोन्ही नाण्यांवर विभागली जाते. दोन्हींपैकी कोणता मार्ग बरा, यावर मतभेद असू शकतात. पण करदात्याला उत्तर आधी कळतं. आपल्याकडे ते सीएच्या अंदाजावर आहे.

म्हणून तीन गोष्टी तातडीनं व्हायला हव्यात. एक, प्रत्येक एक्सचेंजनं फूट पडली तर ग्राहकाच्या नव्या नाण्याचं काय करणार, हे खातं उघडतानाच मराठीसह ग्राहकाच्या भाषेत लिहून द्यावं, आणि ग्राहकाच्या नाण्यावर स्वतः मत देऊ नये. दोन, जुळ्या नाण्यावरचा कर कधी आणि कसा मोजायचा, हे प्राप्तिकर खात्यानं एका परिपत्रकात स्पष्ट करावं. तीन, जप्तीच्या पंचनाम्यात नाण्याच्या नावासोबत त्याच्या फुटींतून आलेली नाणीही नोंदवावीत. तिसऱ्या गोष्टीला तर नवा कायदाही लागत नाही. जप्त केलेल्या म्हशीसोबत तिचं रेडकू मोजायला पोलिसांना कोणी शिकवत नाही.

'मोफत नाणं' असा मेसेज आला तर?

फूट पडली की सगळ्यात आधी जागे होतात ते ठग. ऑक्टोबर २०१७ मध्ये 'बिटकॉइन गोल्ड' नावाची आणखी एक फूट झाली. पाठोपाठ एक संकेतस्थळ आलं, तुमचे गुप्त शब्द टाका आणि वाट्याचं नाणं घेऊन जा. लोकांनी शब्द टाकले आणि ३० लाख डॉलरहून जास्त किमतीची जुनी नाणी गमावली. नव्या नाण्याच्या नादात घरचं गेलं.

म्हणून नियम साधा ठेवा. पाकिटाचे १२ किंवा २४ गुप्त शब्द कोणालाही सांगायचे नाहीत, कुठल्याही लिंकवर टाकायचे नाहीत. फुटीच्या दिवशी घाईनं खरेदी-विक्री करायची नाही. नाणं एक्सचेंजवर असेल तर त्यांनी फुटीबद्दल काय जाहीर केलंय ते वाचा आणि त्याचा स्क्रीनशॉट ठेवा. 'हेच खरं नाणं, पुढच्या महिन्यात दामदुप्पट' असं कोणी म्हणालं, तर सांगणाऱ्याकडे ते नाणं किती आहे हे आधी विचारा. फसवणूक झालीच तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करा. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणं अवघड.

भूमसारख्या तालुक्यात क्रिप्टोचं दुकान नाही, सल्लागार नाही. आहे तो हातातला फोन आणि पुण्यात नोकरीला असलेल्या मित्राचा सल्ला. या दोघांच्या भरवशावर पैसे घालणाऱ्याला सातोशीची खरी दृष्टी कोणती होती, याच्याशी कर्तव्य नाही. त्याला एवढंच कळायला हवं, की वही फाटली तर त्याचं पान कोणाकडे आहे. ते सांगायची जबाबदारी ज्यांनी त्याचे पैसे घेतले त्या कंपन्यांची आहे, आणि ज्यानं त्यावर कर घेतला त्या सरकारचीही.